जुनी मिलिटरी रायफल नेमकी कुठली? .३०३ एनफिल्डवरचे शिक्के कोणत्या क्रमाने वाचायचे

महिन्या दोन महिन्याला कुणीतरी मला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतं. फोटोत फक्त एक नंबर, तोही अर्धा अंधारात, आणि खाली प्रश्न, "दादा, ही कुठल्या सालची?" नुसत्या नंबरावरून कुणालाच सांगता येत नाही, आणि का येत नाही ते पुढे येईलच. दुसरी चूक म्हणजे सगळ्यात मोठा जो शिक्का दिसतो तोच धरून बसायचं. "एनफिल्ड १९१७" दिसलं की झालं, पहिल्या महायुद्धातली रायफल! पण एकाच रायफलवर बनवणाऱ्याचा, तपासणाऱ्याचा, मालकाचा, दुरुस्ती करणाऱ्याचा आणि शेवटी विकणाऱ्याचा असे वेगवेगळे शिक्के असतात, वेगवेगळ्या सालचे. कुठला शिक्का कुणाचा हे आधी कळलं पाहिजे, साल नंतर.

मी इथे ली-एनफिल्ड हेच घराणं धरलंय, म्हणजे ब्रिटिश सैन्याची .३०३ इंच बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप) बोल्टवाली रायफल, कारण भारतात म्युझियम, रेजिमेंटचे मेस, जुन्या शाळांच्या एनसीसी खोल्या इथे तीच दिसते, आणि अमेरिकेत ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांनी सरप्लसमध्ये, म्हणजे सैन्याने विकून टाकलेल्या मालात घेतलेली पण बहुतेक तीच असते. त्याआधीच्या बंदुकांबद्दल शेवटी थोडं आहे.

पायरी १: हात लावायच्या आधी

आधी कायदा. भारतात "आजोबांची आहे, शंभर वर्षं जुनी आहे" म्हणून लायसन्स लागत नाही हा गैरसमज आहे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ती अशा जुन्या किंवा मोडक्या हत्याराला जे दुरुस्त करूनही चालणार नाही. चालू शकणारी रायफल कितीही जुनी असली तरी लायसन्समध्येच येते, आणि .३०३ तर प्रतिबंधित बोअर आहे, साध्या लायसन्सवर मिळतच नाही. माळ्यावर अशी काही सापडली तर फोटो काढून ग्रुपवर टाकत बसू नका, वकिलाशी बोला आणि जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा लायसन्सधारी डीलरकडे रीतसर जमा करा. जिवंत काडतुसांनाही तेच लागू. पुढचं सगळं कायदेशीर ताब्यातल्या किंवा संग्रहालयातल्या रायफलीसाठी आहे.

मग सुरक्षितता. नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर, मॅगझिन काढा, बोल्ट (दांडी धरून मागे-पुढे सरकवायचा भाग) पूर्ण मागे ओढा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून चाचपा. मॅगझिन रिकामं म्हणजे रायफल रिकामी असं नसतं, एक गोळी चेंबरमध्ये राहिलेली असू शकते.

*सावधान: बोल्ट गंजून अडकला असेल तर हातोडी मारू नका. तिथेच थांबा, जाणकार गनस्मिथ किंवा आर्मररला (सैन्यातला बंदुका दुरुस्त करणारा) बोलवा.*

पायरी २: साफसफाई, म्हणजे जवळजवळ काहीच नाही

लागणारं सामान: जुनं सुती कापड, हलकं मशीन ऑइल, मऊ टूथब्रश, लाकडी टूथपिक, टॉर्च, भिंग, पांढरा खडू, पातळ कागद आणि मऊ पेन्सिल, मोजपट्टी, जमलं तर व्हर्नियर.

पॉलिश पेपर, स्टील वूल, ब्रासो, पॉवर टूलचा वायर ब्रश, यातलं काहीही नको. मी पहिल्यांदा हा उद्योग केला तेव्हा एका बटावरचा (बट म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग) डाग म्हणून पॉलिश पेपर मारला आणि निम्म्यात लक्षात आलं की तो डाग नव्हता, झिजलेला गोल शिक्का होता. गेला तो गेला. लाकडावरचे शिक्के उथळ असतात, दहा सेकंदात उडतात.

धातूवर तेलाचा हात फिरवा, रात्रभर राहू द्या, सकाळी पुसा. मग खोली अंधारी करून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा, अक्षरं आपोआप वर येतात. समोरून फ्लॅश मारलात तर सगळं पांढरं होतं आणि मग लोक म्हणतात शिक्काच नाहीये. तरी नाही दिसलं तर खडू हलका घासून कापडाने पुसा, किंवा आपण लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, तेच करा.

पायरी ३: शिक्के न वाचता प्रकार ओळखा

ही पायरी सगळे गाळतात आणि मग पुढे सगळं चुकतं. आधी रायफल लांब धरून आकार बघा.

नळीचं तोंड लाकडाच्या टोकाशी सपाट लोखंडी टोपीत, म्हणजे नोज कॅपमध्ये, संपत असेल, नाक चेपल्यासारखं, आणि नेम धरायची मागची साईट नळीवर मधे असेल तर ती शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड, १९२६ नंतरच्या भाषेत नंबर १. एकूण लांबी साधारण ११३ सेंटीमीटर. नळी लाकडाच्या टोकापुढे थोडी बाहेर आलेली आणि मागची साईट पार मागे डोळ्याजवळ असेल तर नंबर ४, ही दुसऱ्या महायुद्धातली. एकूण लांबी १०० सेंटीमीटरच्या आसपास आणि तोंडाशी फनेलसारखं काही असेल तर नंबर ५, जिला जंगल कार्बाइन म्हणतात. आणि नंबर १ पेक्षा सरळ साडेबारा सेंटीमीटर जास्त, म्हणजे १२५ च्या पुढे भरली तर ती जुनी लांब ली-एनफिल्ड किंवा त्याआधीची ली-मेटफोर्ड.

आता आपल्याकडचा खास घोळ. बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात १९६० च्या दशकात ७.६२ मिलिमीटरची २ए आणि मग २ए१ निघाली. दिसायला हुबेहूब जुनी .३०३. व्हर्नियरने नळीचं तोंड मोजून फरक कळेल असं वाटतं पण .३०३ चं तोंड ७.७० आणि हिचं ७.६२, इतक्या झिजलेल्या नळीत तुम्हाला काय कळणार. मॅगझिन बघा. .३०३ चं मॅगझिन दहा गोळ्यांचं आणि खाली तिरकं असतं, २ए चं बारा गोळ्यांचं आणि चौकोनी डब्यासारखं. मग बट सॉकेटवरचं (ते काय, हे पायरी ४ मध्ये) लिखाण बघून खात्री करा.

*तपासा: नळी आतून गुळगुळीत आहे आणि मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा आहे का? मग ती .४१० ची सिंगल शॉट मस्केट, पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी .३०३ वरून बदललेली. सॉकेटवरचं साल मूळ रायफलचं असू शकतं, बदल केल्याचं नाही.*

पायरी ४: बट सॉकेट, उजवी बाजू

बोल्टच्या दांड्याच्या खाली, जिथे लाकडी बट लोखंडात घुसतो, ते कडं म्हणजे बट सॉकेट. नंबर १ ची जन्मपत्रिका इथे असते, वरून खाली वाचायची: मुकुट, राजाची अक्षरं, कारखाना, साल, प्रकार.

राजाची अक्षरं: व्ही.आर. म्हणजे व्हिक्टोरिया, जानेवारी १९०१ पर्यंत. ई.आर. म्हणजे सातवा एडवर्ड, १९१० पर्यंत. जी.आर. म्हणजे जॉर्ज, आणि तो पाचवा की सहावा हे सालावरून ठरवायचं. जी.आर.आय. असेल तर त्यातला आय इंडियाचा नाही हो, इम्पेरेटरचा, म्हणजे सम्राट. पण गंमत अशी की तो दिसतो इशापूरच्याच रायफलींवर, म्हणून लोकांचा अंदाज चुकीच्या कारणाने बरोबर येतो. स्वातंत्र्यानंतरच्या रायफलींवर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले आणि खाली आर.एफ.आय., रायफल फॅक्टरी इशापूर.

प्रकार: "एसएचटी. एल.ई." म्हणजे शॉर्ट ली-एनफिल्ड, पुढे रोमन तीन, म्हणजे मार्क तीन (मार्क म्हणजे आवृत्ती), आणि कधी कधी एक तारा. तो तारा फार महत्त्वाचा. मार्क तीन १९०७ चा, तारावाला पहिल्या महायुद्धात काम सोपं करायला आला. साध्या तीनमध्ये गोळ्या अडवणारी मॅगझिन कट-ऑफची पट्टी असते आणि डाव्या बाजूला लांब पल्ल्याची व्हॉली साईट, तारावाल्यात या गोष्टी काढून टाकल्या. तारा आहे आणि व्हॉली साईटही आहे, असं दिसलं तर लगेच खोटी म्हणू नका, जुने पार्ट वापरून केलेली जोडणी असू शकते, फक्त तसं लिहून ठेवा.

व्ही.आर. आणि शॉर्ट रायफल एकत्र दिसली तर? शॉर्ट रायफल स्वीकारली डिसेंबर १९०२ मध्ये, राणी तर त्याआधीच गेलेली. पण घाई नको. जुन्या लांब रायफली कापून शॉर्ट केल्या होत्या, त्यावर "कॉन्ड" असं कन्व्हर्टेडचं छोटं रूप असतं आणि मूळ राणीचा शिक्का तसाच राहू शकतो. कॉन्ड सापडला नाही तर मात्र संशय घ्या.

*तपासा: नंबर ४ असेल तर साल आणि सिरीयल नंबर सॉकेटच्या डाव्या बाजूला शोधा. उजवीकडे काही नाही म्हणून "शिक्के पुसलेत" असं म्हणणारे बरेच भेटतात.*

पायरी ५: कारखान्याच्या नावातले सापळे

"एनफिल्ड" हे प्रकाराचंही नाव आहे आणि लंडनच्या उत्तरेला असलेल्या सरकारी कारखान्याचंही. सॉकेटवर मुकुटाखाली एनफिल्ड लिहिलं असेल तरच ती त्या कारखान्यातली. (आणि नाही, बुलेटवाल्या रॉयल एनफिल्डने ही बनवलेली नाही, हा प्रश्न मला दोनदा आलाय.) बाकी नावं: बी.एस.ए. को. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, एल.एस.ए. को. म्हणजे लंडन स्मॉल आर्म्स, स्पार्कब्रुक, ऑस्ट्रेलियातलं लिथगो, आणि आपलं इशापूर. बी.एस.ए. आहे पण वर मुकुट नाही, तर ती बाजारात विकायला बनवलेली असण्याची शक्यता धरा.

नंबर ४ मध्ये नावं लपवलेली असतात कारण युद्धात कारखाना कुठे हे सांगायचं नव्हतं. एम४७सी म्हणजे बी.एस.ए. चा शर्ली इथला कारखाना. नुसता एफ किंवा एफ.वाय. म्हणजे फझाकरली. लाँग ब्रांच म्हणजे कॅनडा. आणि चौकटीतला एस म्हणजे अमेरिकेतली सॅव्हेज. या सॅव्हेजवर "यू.एस. प्रॉपर्टी" असं ठसठशीत असतं आणि लोक ठामपणे सांगतात की ही अमेरिकन सैन्याची. मुळीच नाही, ती लेंड-लीजमध्ये, म्हणजे युद्धात अमेरिकेने दोस्तांना माल पुरवण्याच्या योजनेत, ब्रिटनला द्यायला बनवली होती, शिक्का फक्त हिशोबाचा.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी अजून एक: नळीवर बारीक अक्षरात "सी.ए.आय. जॉर्जिया व्ही.टी." दिसलं तर ते आयात करणाऱ्याचं नाव-गाव आहे, १९६८ च्या कायद्यानंतर तिथे हे टाकावं लागतं. जॉर्जिया हे व्हरमाँट राज्यातलं गाव आहे. एका सद्गृहस्थांनी मला त्यावरून रायफल सोव्हिएत जॉर्जियातून अफगाणिस्तानमार्गे आल्याची आख्खी कथा ऐकवली होती, आणि छान रंगवली होती.

पायरी ६: बाण कुणाचा

तीन रेघांचा पक्ष्याच्या पायासारखा बाण, ब्रॉड अॅरो, म्हणजे ब्रिटिश सरकारची मालकी. हा कारखान्याचा शिक्का नाही. बाणाबरोबर काय आहे ते बघा: सी च्या पोटात बाण म्हणजे कॅनडा, यू मध्ये बाण म्हणजे दक्षिण आफ्रिका, दोन डी च्या मधे बाण म्हणजे ऑस्ट्रेलिया, एन आणि झेड च्या मधे बाण म्हणजे न्यूझीलंड, बाण आणि आय म्हणजे भारत. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील तर सरकारने रायफल विकून टाकली, सेवेतून बाहेर.

म्हणजे बनली एनफिल्डला, मालकी भारताची, हे अगदी शक्य आहे. "कुठली" याची दोन उत्तरं येतात आणि दोन्ही लिहायची.

पायरी ७: नळी आणि बारीकसारीक शिक्के

नळी चेंबरजवळ जाड होते, तिथे डावीकडे नळीचं साल दोन आकड्यात असतं. सॉकेटवर १९१७ आणि नळीवर ४२ म्हणजे नळी बदलली. यात काही बिघडलेलं नाही, सैन्यात नळ्या झिजायच्या आणि बदलायच्याच.

बाकीचे शिक्के, जे लोक हमखास चुकीचे वाचतात:

- मुकुट, खाली आकडा, खाली ई: एनफिल्डच्या तपासनीसाचा शिक्का. आकडा तपासनीसाचा आहे, साल नाही. असे पाच-दहा सापडतील, सगळे उतरवून घेत बसू नका.
- एच.व्ही. आणि एस.सी.: साईट मार्क सात काडतुसाला जुळवली आणि चेंबरपुढचा शंकूसारखा भाग लहान. "स्नायपर" वगैरे काही नाही.
- बटाच्या वरच्या अंगाला एल, एस किंवा बी: बटाची लांबी, लाँग, शॉर्ट, बँटम (शॉर्टपेक्षाही छोटा). एल म्हणजे लिथगो नाही.
- २.२२२ आणि १८.५ टन: बाजारात विकताना ब्रिटनच्या प्रूफ हाऊसने (बंदुका दाबाला टिकतात का तपासणारी संस्था) मारलेलं, काडतुसाच्या केसची लांबी इंचात आणि दाब. बाजूला मुकुटाखाली एन.पी. किंवा बी.एन.पी. असतं. याला मॉडेल नंबर समजून शोधत बसलेले लोक मी पाहिलेत.
- एफ.टी.आर. आणि साल: फॅक्टरीत पूर्ण दुरुस्ती. हे साल जन्माचं नाही.
- पुढच्या लाकडातून आडवा गेलेला स्क्रू: इशापूरची मजबुतीची पद्धत. रायफल इंग्लंडची असली तरी ती भारतात राहून गेली याचा हा चांगला पुरावा.
- बटाच्या उजव्या बाजूची पितळी चकती: असलीच तर तिच्यावर पलटण आणि रॅकचा नंबर. चकत्या सुट्या विकत मिळतात, त्यामुळे फक्त तिच्यावर विसंबून पलटण ठरवू नका.

*सावधान: डी.पी. म्हणजे ड्रिल पर्पज, कवायतीपुरती. ई.वाय. असेल, किंवा पुढच्या भागाला तार गुंडाळलेली असेल, तर ती ग्रेनेड फेकायला वापरलेली. दोन्ही कधीही चालवायच्या नाहीत. भारतातल्या कवायतीच्या रायफलींना चेंबरजवळ भोक पाडलेलं असतं, ते कुणी बुजवून रंगवलंय का तेही बघा.*

रायफलीबरोबर रिकामी पुंगळी मिळाली आणि तिच्या बुडावर के.एफ. ५२ असं काही असेल तर ते खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं, १९५२ सालचं काडतूस. रायफलीचा त्याच्याशी संबंध नाही. पुण्याच्या लोकांना हे सांगताना जरा जड जातं.

पायरी ८: सिरीयल नंबर, आत्ता

आता नंबराकडे वळा, आधी नाही. कारण नंबर परत परत वापरले गेलेत: साधारण एक अक्षर आणि चार-पाच आकडे, संपले की पुढचं अक्षर, आणि प्रत्येक कारखान्याची वेगळी मालिका. तोच नंबर लिथगोचाही असेल आणि एनफिल्डचाही. कारखाना आणि साल कळल्यावरच नंबराला अर्थ येतो.

नंबर १ मध्ये तो इतक्या ठिकाणी शोधा: रिसिव्हरच्या (ज्यात बोल्ट सरकतो तो लोखंडी सांगाडा) पुढच्या कड्यावर उजवीकडे, नळीवर, बोल्टच्या दांड्याच्या मागे, साईटच्या पट्टीच्या खालच्या बाजूला, नोज कॅपवर, आणि पुढच्या लाकडाच्या खाली टोकाशी. सगळे जुळले तर उत्तम. रिसिव्हर आणि बोल्टचे नंबर वेगळे असतील तर हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबरमध्ये काडतूस टेकतं ती जागा यातलं अंतर) मोजल्याशिवाय ती चालवण्याचा विचारही नको, हा किमतीचा नाही तर डोळ्यांचा प्रश्न आहे. जुना नंबर खोडून नवा मारलेला असेल तर दोन्ही लिहा, आर्मररने केलेली दुरुस्ती अशीच दिसते.

पायरी ९: खोटी तर नाही ना

पाकिस्तानातल्या दर्रा आदमखेल आणि आसपासच्या गावातल्या कारागिरांनी हाताने बनवलेल्या नकला भरपूर फिरतात. चांगल्या बनवलेल्या नुसत्या नजरेत येत नाहीत, पण शिक्के चुगली करतात, कारण ठोकणाऱ्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. एनफिल्डमधला एन आरशात पाहिल्यासारखा उलटा, स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर कमी, व्ही.आर. आणि खाली १९१९ असं साल, मुकुट मुंडाशासारखा. खरा शिक्का एका दणक्यात उमटतो, कडा सारख्या आणि खोली सारखी. नकलेत अक्षर छिन्नीने कोरल्यासारखं, एकेक रेघ वेगळ्या खोलीची.

एकच चूक दिसली तर थांबा, दुसरी शोधा. झिजलेला शिक्का पण वेडावाकडा दिसतो. दोन-तीन गोष्टी जुळल्या तरच नक्कल म्हणा.

पायरी १०: .३०३ पेक्षा जुनी असेल तर

बोल्टच नाही, बाहेर हातोडीसारखा घोडा आहे आणि लॉकच्या पट्टीवर मुकुट आणि "टॉवर" लिहिलंय, तर ती लंडनच्या टॉवरमध्ये बनली असं नाही. कंत्राटदारांकडून घेऊन सरकारने स्वीकारलेल्या मालावरही ते असतं. मागे बाजूला उघडणारा दरवाजा असेल तर ती स्नायडर, म्हणजे बरेचदा तोंडाकडून भरायची जुनी एनफिल्ड बदलून केलेली, म्हणून लॉकवर १८६१ असेल तरी स्नायडर म्हणून तिचं आयुष्य १८६६ नंतरच सुरू होतं. ट्रिगरमागे खाली लांब दांडी आणि ती ओढली की आतला ठोकळा खाली झुकतो, ती १८७१ ची मार्टिनी-हेन्री किंवा तिची बहीण. तिच्यावर ईस्ट इंडिया कंपनीचा बदामाच्या आकाराचा शिक्का दिसला तर तो कुणीतरी हौसेने मारलाय, कंपनीचं लष्कर १८५८ मध्येच राणीकडे गेलं होतं.

आणि देवनागरी अक्षरं दिसली की आपला ऊर भरून येतो, पेशव्यांची, शिंद्यांची, होळकरांची! जरा दमाने. नेपाळच्या शस्त्रागारातल्या बंदुकांवर देवनागरी अक्षरं आणि आकडे असतात, आणि तिथला मोठा साठा या शतकाच्या सुरुवातीला परदेशात विकला गेलाय. साल विक्रम संवतात असतं, त्यातून ५७ वजा करा. १९५१ लिहिलेली मार्टिनी १९५१ ची नाही, १८९४ ची.

पायरी ११: नोंद

एका कागदावर तीन रकाने करा: जागा, जसं दिसतं तसं, आणि मला काय वाटतं. दुसरा आणि तिसरा रकाना कधीही मिसळू नका. अक्षर अर्धवट असेल तर प्रश्नचिन्ह टाका, मनाने पूर्ण करू नका. फोटो काढताना बाजूला मोजपट्टी ठेवा, आणि किमान सहा काढा: दोन्ही बाजूंनी पूर्ण रायफल, सॉकेटच्या दोन्ही बाजू, नळीचा जाड भाग, बोल्टचा दांडा. बाहेर कुणाला दाखवताना नंबराचे शेवटचे दोन आकडे झाका. आणि वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर भारताबाहेर पाठवायचं मनातही आणू नका, तिथे पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा लागतो.

हे सगळं करून मग मला फोटो पाठवा. आणि फ्लॅश बंद ठेवा.